गृहोपयोगी विज्ञान : बर्फावरचें चाक

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, कन्या किंवा पुतण्या आज माँट्रिऑल, टोराँटो, मिनिआपोलिस, म्यूनिक अशा ठिकाणीं संसार थाटून राहिला आहे. मार्गशीर्ष लागला कीं इकडून आपण त्यांच्या गरम कपड्यांची आस्थेनें विचारपूस करितों. परंतु ज्या मोटारींतून तीं मंडळी रोज कामावर जातात व नातवंडांस शाळेंत पोंचवितात, तिच्या चाकांची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. थंड देशांत अंगावरच्या लोकरीइतकीच चाकावरच्या रबराची निवड महत्त्वाची आहे. म्हणून या महिन्यांत त्या विषयाचा विचार करूं.

मोटार कितीहि मोठी असली तरी रस्त्यास तिचा स्पर्श चारच ठिकाणीं होतो, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श सुमारें तळहाताएवढा असतो. गति घेणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांच्या बळावर चालतात. ही पकड सुटली कीं उत्तम एंजिन आणि उत्तम ब्रेक दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात.

साधा उन्हाळी टायर थंडींत कां निकामी होतो? उष्णमान सुमारें ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेलें कीं त्याचें रबर कठीण होऊं लागतें व रस्त्याच्या बारीक खांचखळग्यांत तें रुतत नाहीं. हिंवाळी टायराचें रबर कडक थंडींतहि मऊ राहील असें बनविलेलें असतें. त्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म चिरा असून त्यांच्या कडा बर्फास धरतात. शिवाय त्याचे चर खोल असतात व त्यांत बर्फ दाबून बसतो. हा दोष नव्हे. बर्फास बर्फ चांगला चिकटतो, हें मुठींत त्याचा लाडू वळणाऱ्या कोणत्याहि मुलास ठाऊक असतें. फिनलंडमधील एका कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींकरितां पहिला हिंवाळी टायर काढला व १९३६ त घरगुती मोटारींकरितांहि तसा टायर केला.

टायर घेतांना त्याच्या कडेवरील चिन्ह पाहावें. ‘एम्’ व ‘एस्’ हीं अक्षरें चिखल व बर्फ यांची द्योतक आहेत. परंतु तीं केवळ चरांच्या रचनेवरून कारखानदार स्वतः घालतो. तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमाचें फूल, हें चिन्ह मात्र बर्फावर ठराविक परीक्षा उतरलेल्या टायरासच मिळतें. जर्मनींत हिंवाळी रस्त्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ अक्षरें असलेला टायर चालत नाहीं. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें २००८ सालीं हिंवाळी टायरांची सक्ती केली. सध्यां तिची मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. शेजारच्या आँटेरिओ प्रांतांत सक्ती नाहीं. तथापि असे टायर लावणाऱ्यास विमा कंपन्यांनीं हप्त्यांत सूट द्यावी असा तेथें २०१६ पासून नियम आहे. टायर किती जुना आहे हेंहि त्याच्या कडेवरील चार आंकड्यांवरून कळतें: ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. चरांची खोली ४ मिलिमीटरच्या खालीं गेली कीं त्या टायराचा हिंवाळी गुण बराचसा संपला असें समजावें.

येथें दोन समजुतींचा निरास केला पाहिजे. पहिली अशी कीं, चारही चाकांस शक्ति पोंचविणारी गाडी असल्यावर निराळे टायर कशास हवेत? अशी गाडी बर्फांतून चटकन् निघते हें खरें. परंतु थांबण्याच्या वेळीं तिची ती शक्ति उपयोगी पडत नाहीं. थांबविणें हें टायराचेंच काम. किंबहुना सुलभ निघाल्यामुळें चालकास खोटा धीर येतो व तो वेग वाढवितो. दुसरी समजूत अशी कीं, दोनच टायर बदलले तरी भागतें. पुढचीं दोन चाकें बर्फ धरून राहिलीं व मागचीं घसरूं लागलीं, तर वळणावर गाडी गर्रकन् फिरते. म्हणून घ्यावयाचे तर चारही घ्यावेत.

खर्चाचा प्रश्न वडील मंडळींच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु एक जोड हिंवाळ्यांत झिजत असतां दुसरा विसांवा घेत असतो, व दोन्ही अधिक काळ टिकतात. एकंदर खर्च वाटतो तसा दुप्पट होत नाहीं. काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे. ती या ठिकाणीं करूं नये, एवढेंच सांगणें.

टायर उत्तम असले तरी निसर्गाचा हिशेब चुकत नाहीं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून अंदाजें १२ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर सुमारें ४० मीटर, आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर सुमारें १०० मीटर लागतात. उलट वेग निम्मा केला कीं हें अंतर चतुर्थांशावर येतें. सर्व उपदेशाचें सार या एका वाक्यांत आहे. वेग कमी, पुढील गाडीपासून अंतर पुष्कळ, आणि ब्रेक, चक्र व वेग यांचा वापर हळुवार. गाडी घसरलीच तर वेगाच्या पट्टीवरून पाय काढावा, ज्या दिशेस जावयाचें तिकडे दृष्टि ठेवून चक्र तिकडेच वळवावें. चाक अडकूं न देणारी एबीएसची योजना असल्यास ब्रेक घट्ट दाबून धरावा; पायाखालीं थरथर जाणवली तरी सोडूं नये.

सर्वांत फसवें तें ‘काळें बर्फ’. हा गोठलेल्या पाण्याचा पातळ पारदर्शक थर असून खालील डांबर दिसत असल्यामुळें रस्ता नुसता ओला भासतो. पुलांस खालूनहि थंड वारा लागतो, म्हणून ते प्रथम गोठतात. तसेंच गाडी बर्फांत अडकून पडली असतां ऊब मिळावी म्हणून एंजिन चालूं ठेवावयाचें झाल्यास धुराची नळी बर्फानें बुजली नाहीं याची आधीं खात्री करावी. अन्यथा विषारी वायु आंत शिरून प्राणावर बेततें. घोंगडी, फावडें व थोडी वाळू गाडींत नित्य असावी.

इकडील वाचकांसहि हा विषय अगदींच परका नाहीं. २०२० सालीं रोहतांगखालील ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून सहकुटुंब बर्फ पाहावयास जाणें सोपें झालें आहे. परंतु पुण्यामुंबईच्या गाडीचे टायर त्या रस्त्याकरितां नसतात. बर्फ पडला असल्यास स्वतःची गाडी मनालींतच ठेवून तेथील माहितगार चालकाची गाडी करावी. चाकांस साखळ्या लावावयाच्याच झाल्या तर एंजिनची शक्ति ज्या चाकांस मिळते त्यांस लावाव्या, गाडी अगदीं सावकाश न्यावी, व बर्फ संपतांच त्या काढाव्या.

शेवटीं घरांतील वडील माणसांस एक विनंती. परदेशांत संक्रांतीचें हळदीकुंकू येतें तें ऐन जानेवारींत, बर्फ सर्वांत दाट असतां. अशा वेळीं मुलगा अथवा सून म्हणाली कीं, ‘आज रस्ता बरा नाहीं, आम्हांस जातां येत नाहीं’, तर तो आळस किंवा अनास्था समजूं नये. तिकडे पाहुणे म्हणून गेलां असतां वाटेंत उशीर होत असला तरी ‘जरा लौकर चल’ असेंहि म्हणूं नये. तिळगूळ चार दिवसांनीं दिला तरी त्याची गोडी कमी होत नाहीं. तो देणारीं व घेणारीं माणसें सुखरूप असलीं म्हणजे झालें.