सिद्दी जौहर कोण होणार?

दिवाळीच्या दिवसांत, संध्याकाळचे दिवे लागले की भोईवाडा, नायगाव, परळ आणि लालबाग या टापूतील चाळींमधून कुटुंबेच्या कुटुंबे किल्ले पाहण्यासाठी बाहेर पडतात. विटा रचून, त्यांवर गोणपाट अंथरून आणि लाल मातीचा गिलावा देऊन उभारलेला डोंगर, त्याच्या उतारावर अळीव पेरून उगवलेले रान, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि बुरुजाबुरुजावर पहारा देणारे मातीचे मावळे, हे सारे मूठभर मातीसाठीही वणवण करावी लागणाऱ्या या शहरात मुलांनी अद्याप टिकवून धरले आहे, ही काही सामान्य गोष्ट नव्हे. युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला तो २०२५ च्या जुलैत. चाळीतल्या पोरांनी तो त्याच्या कितीतरी आधी देऊन टाकला होता. वाघ मावळ्याहून थोराड असतो आणि गवळण महादरवाज्यातून वाकल्याशिवाय आत जाऊ शकत नाही, याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती एवढीच, की या किल्ल्यांवर काही घडत नाही. मावळा जिथे रोवला तिथे तो भाऊबीजेपर्यंत उभा राहतो. शत्रू बहुधा नसतोच आणि असलाच तर पायथ्याशी निपचित पडलेला असतो. पाहणारे हात जोडतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या चाळीकडे वळतात. आपण दुर्गाचे देवघर केले आहे. दुर्ग ही तर विचार करून चालवायची वस्तू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, किल्ला बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे आधी पाहावे, अशी ताकीद आहे. गडाचा कारभार हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यामध्ये वाटून दिलेला असे, तो एकाच्या फितुरीने किंवा एकाच्या गाफिलपणाने गड हातचा जाऊ नये म्हणून. आमच्या दिवाळीच्या गडावर तोफा मोजून चार असतात, पण टाके खोदलेले क्वचितच दिसते, आणि अंबारखाना तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

पाश्चात्त्यांनी याच चिमुकल्या सैनिकांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. प्रशियाच्या रायस्विट्झ नामक तरुण लेफ्टनंटने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाचे युद्ध सिद्ध केले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसे आणि प्रत्येक सेनापतीला त्याच्या टेहळ्यांना दिसेल तेवढेच कळे. सैन्याच्या अधिकाऱ्यांचे ते शिक्षण होते. ते घरातील जमिनीवर आणले एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने, म्हणजे महायुद्धाच्या अगदी उंबरठ्यावर. आणि हा गृहस्थ युद्धाचा द्वेष्टा होता! आज लंडनमध्ये 'सॅल्यूट' नावाचा मेळावा दरवर्षी भरतो. मोठमोठ्या मेजांवर ऐतिहासिक लढाया मांडलेल्या असतात, आणि येणाऱ्या लेकुरवाळ्या कुटुंबांतील मुलांना त्यांपैकी कित्येक मेजांवर फासे हाती घेऊन बसता येते. चतुरंगाच्या रूपाने हत्ती, घोडे, रथ आणि पदाती पटावर उतरवणाऱ्या देशाला हे कोणी शिकवावे, असे नव्हे. पण आपण पट ठेवला आणि इतिहास त्यावरून उचलून घेतला.

आता १६६० चा पन्हाळा घ्या. महाराज गडावर आणि मार्चपासून आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहर याचा वेढा पडलेला; राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी तोफगोळ्यांसह त्याच्या मदतीला धाव घेतलेली; बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा यत्न निष्फळ झालेला; तिकडे शायिस्ताखान पुण्यात उतरून चाकणच्या कोटाला भिडलेला. ही सर्व परिस्थिती मेजावर मांडून दहा वर्षांच्या मुलाला विचारावे: गडावर दाणागोटा किती उरला आहे? पावसात दारू भिजेल की नाही? सुमारे ६० किलोमीटरवरील विशाळगडाकडे आज निघावे की आणखी आठ दिवसांनी, आणि मागे खिंड अडवण्यास किती माणसे ठेवावीत?

यावर आक्षेप ठरलेला आहे: 'महाराजांचा खेळ मांडता काय?' आक्षेप श्रद्धेतून येतो, म्हणून तो झिडकारून चालणार नाही. परंतु या खेळात खरी अडचण महाराजांची नसून जौहरची आहे. मेजाच्या पलीकडे कोणीतरी बसलेच पाहिजे, आणि चाळीतले एकही पोर ती जागा राजीखुशीने घेणार नाही. मला मात्र वाटते, की ज्याने जौहर होऊन पावसाळ्यातही वेढा उठू दिला नाही, प्रत्येक चोरवाटेवर चौकी बसवली, आणि शरणागतीचा निरोप आल्यावर पहारा सैल करावा की करू नये याचा स्वतः निर्णय घेतला, त्यालाच महाराज वेढ्यातून निसटले त्या आषाढी रात्रीचे मोल प्रथम कळेल. शत्रू मूर्ख होता असे धरून चालणाऱ्याला मागे खिंड अडवणाऱ्या बाजी प्रभूंचे धैर्य कसे मोजता येणार? शिवाय जौहर झालेल्याचा डाव एखाद्या वेळी साधेलही. पोरे रडतील, वडीलधारे अस्वस्थ होतील, आणि जे घडले ते तसेच घडणे अटळ नव्हते, ही इतिहासातील सर्वांत अवघड गोष्ट चाळीच्या पटांगणात सगळ्यांना समजेल.

किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी म्हणूनच सुबकतेच्या पारितोषिकाबरोबर एक मेज, दोन पक्ष आणि एक जाणता पंच यांची तजवीज करावी. सजावट आईबापांनी करून मुलाने नुसते उभे राहायचे, हा प्रकारही त्याने आपोआप कमी होईल. आरंभी पन्हाळ्याचे नाव काढण्याचे धाडस कोणाला नसेल, तर भोईवाड्यापासून पायी जाता येईल असा शिवडीचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १६८० मध्ये बांधला, आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान तेथेच फौजेनिशी उतरला. त्याने माझगाव घेतले, ईस्ट इंडिया कंपनीच्या कोटाला वेढा घातला आणि १६९० मध्ये औरंगजेबाच्या दरबारी इंग्रजांनी पैसे मोजून माफी मागितल्यावरच तो हलला. संभाजी महाराजांचा वध आणि रायगडचा पाडाव याच १६८९ सालचे. त्यामुळे शिवडीच्या मेजावर आपले असे कोणीच नाही. कंपनी की सिद्दी, कोणतीही बाजू घेताना मुलाला संकोच वाटणार नाही. दोन-तीन दिवाळ्या तिथे हात बसला, की त्याच मेजावर पन्हाळा मांडावा आणि जौहरसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात.