फिरायला आलेल्या पाहुण्याला डोंग्यात बसवावं का?



पाऊस ओसरला, दसरा तोंडावर आला. आता संक्रांतीपर्यंत आपल्या भागात फिरायला येणाऱ्यांची वर्दळ राहणार. कोजागिरीच्या पौर्णिमेला जोडेघाटला कुमराम भीम यांचा स्मृतिदिन असतो, तेव्हा तर गाड्यांची रांगच लागते. म्हणून हा विषय आत्ताच मांडतो आहोत. हंगाम संपल्यावर मांडून काय उपयोग?

आधी एक कबुली. आपण इथले असून आपल्यालाच आपला मुलूख नीट माहीत नाही. आपली लेकरं मोबाईलवर गोव्याचा समुद्र पाहतात, पण जोडेघाट किती जणांनी पाहिलं? निजामाच्या राज्यात जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी गोंड-कोलामांना उभं करणारा भीम १९४० साली तिथंच पोलिसांच्या गोळीनं पडला. २०१६ पासून तिथं स्मारक आणि संग्रहालय आहे. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्याच नावानं ओळखली जाते. त्यात पहिला शब्द पाण्याचा आहे, आणि आपलं पोट पाण्यावरच आहे.

आसिफाबादजवळ आडा गावाला पेद्दवागूवरचं धरण आहे, त्यालाही भीम यांचंच नाव दिलंय. उलट्या दिशेनं राजुऱ्याकडे गेलं की गडचांदूरजवळ माणिकगड. वर्धा ओलांडली की नदीला लागूनच बल्लारपूरचा किल्ला. पुढं चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि त्याचे चार दरवाजे : जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आपल्यातले किती तरी जण चंद्रपूरला जातात, पण राजा बीरशहाची समाधी पाहून येत नाहीत. राणी हिराईनं नवऱ्याच्या आठवणीत बांधलेली ती समाधी. त्या परकोटावर झाडं-झुडपं माजली होती, तर २०१७ पासून चंद्रपूरच्या पोरांनी रोज पहाटे श्रमदान करून तो मोकळा केला. आपल्या गावची जुनी जागा आपण जपली तरच बाहेरचा माणूस ती पाहायला येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता मुद्द्यावर येतो. फिरायला आलेला माणूस पाणी दिसलं की थांबतो. तलावाच्या काठाला डोंगा दिसला की म्हणतो, “काका, एक चक्कर मारता का?” पन्नास-शंभर रुपये काढून देतो. आपला माणूस त्याला बसवतो. यात कोणाचा वाईट हेतू नाही. मासळी नसलेल्या दिवसात शंभर रुपये शंभरच असतात.

पण आमचं मत स्पष्ट आहे. मासेमारीच्या डोंग्यात पाहुण्याला बसवू नका.

का, ते सांगतो. आपला डोंगा दोन माणसं आणि एक जाळं यांच्या हिशोबानं चालतो. आपण बसायचं कुठं, वाकायचं कधी, हे आपल्या अंगाला ठाऊक असतं. पाहुण्याला ते ठाऊक नसतं. तो फोटोसाठी उभा राहतो. त्याच्या बाजूचा घाबरून त्याला धरतो. तळाला जाळं पसरलेलं असतं, त्यात पाय गुंततो. थर्माकोलच्या तराफ्याचं तर बोलायलाच नको. गेल्या हिवाळ्यात असंच झालं. तीन पोरं, एक डोंगा, एक सेल्फी, आणि तिघंही पाण्यात. आपल्या सभासदानं उडी टाकून तिघांना काढलं. पाणी छातीभर होतं म्हणून निभावलं. दहा हात पुढं असते तर?

पुढं काय होतं, ते वर्धेनं दाखवलंय. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज इथं डोंगा उलटला. दशक्रियेच्या निमित्तानं जमलेले नातेवाईक धबधब्याकडे निघाले होते. ११ जण गेले. तीच वर्धा पुढं बल्लारपूरच्या किल्ल्याखालून वाहते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि आपला पेद्दवागूही त्याच प्राणहितेला जाऊन मिळतो. ही दूरची बातमी नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. तो शहरातला तलाव होता, पूर आलेली नदी नव्हती.

आणि विम्याचं लक्षात ठेवा. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा मच्छीमाराचा आहे. मृत्यू झाला तर घरच्यांना ५ लाख मिळतात. पण डोंग्यात बसवलेल्या पाहुण्यासाठी तो नाही. त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवणार?

काही सभासद म्हणतील, “सचिव भाऊ, तुम्ही नुसतं बंद करा म्हणता. आमच्या कमाईचं काय?” प्रश्न रास्त आहे. बंद करा एवढंच सांगून आम्ही थांबलो तर तो अन्याय होईल. आणि चोरून बसवणं सुरू राहील ते वेगळंच.

म्हणून कोकणाकडे पाहा. मुरूडजवळ राजपुरीहून जंजिरा किल्ल्यावर जाणारे पाहुणे शिडाच्या होड्यांतून जातात. त्या होड्या तिथल्याच लोकांच्या, त्यांच्या सहकारी संस्था तिकीट काढतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण भरती कधी चढेल हे तिथला कोळी सांगतो. किल्ला राजांनी बांधला, पण पाणी ओळखण्याचं ज्ञान कोळ्याचं. त्या ज्ञानाचा त्यांना मान मिळतो आणि पैसाही. आपल्याला आपल्या तलावाचं तेवढंच ज्ञान आहे. फक्त आपण ते सुट्टं-सुट्टं, पन्नास रुपयांना विकतो.

आमचं म्हणणं असं, की चक्कर मारायची असेल तर ती सोसायटीच्या नावानं मारायची. मासेमारीपासून वेगळी, रुंद बुडाची एक होडी. जेवढी माणसं तेवढी लाईफ जॅकेट, लेकरांच्या मापाचीही. आधी खात्याची आणि ग्रामपंचायतीची परवानगी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या होडीचीही स्थानिक पातळीवर नोंद करायची तरतूद आहे, ती नोंद करून घ्यायची. दर ठरलेला, वहीत नाव लिहिलेलं. सूर्य मावळला, वारा सुटला किंवा माणूस प्यायलेला असला, तर फेरी नाही. होडी वल्हवायची पाळी सभासदांनी वाटून घ्यायची.

हे उभं राहायला वेळ लागेल, पैसा लागेल. तोवर कमाईचे दुसरे मार्ग आहेत. काठावर ताज्या रोहू-कटल्याचा रस्सा आणि भाकर मिळाली तर पाहुणा चक्कर विसरेल. हे काम आपल्या बायाबापड्या आपल्यापेक्षा चांगलं करतात, आणि त्याचा पैसा त्यांच्याच हातात जावा. शिकलेली पोरं जोडेघाट, माणिकगड, चंद्रपूर दाखवायला सोबत जाऊ शकतात. पाहुणा तेलुगू बोलणारा असो, मराठी असो की हिंदी, आपली पोरं तिन्ही बोलतात. हे भांडवल मोठ्या शहरातल्या गाईडकडे नाही.

पण दुसऱ्याला दाखवायचं तर आधी आपण पाहिलेलं पाहिजे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सभासदांच्या लेकरांची एक सहल जोडेघाटला काढावी, असा ठराव आम्ही सभेत मांडणार आहोत. गाडीचा खर्च सोसायटीनं करावा, डबा घरून आणावा.

होडीचा ठरावही त्याच सभेत येईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावं आणि तोंडावर बोलावं. डोंग्याच्या मालकांनी तर यावंच. तोवर एवढंच मागणं आहे : कोणी कितीही नोट पुढं केली तरी हात जोडा आणि म्हणा, “दादा, हा जाळ्याचा डोंगा आहे, माणसांचा नाही.”

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीनं
वांकिडी