घाटाचा दगड आणि अदत्तादान



संगणकावरील खेळ हा विषय या सदरात आजवर आलेला नाही आणि तो यावा अशी कोणाची मागणीही नव्हती. परंतु यंदाच्या चातुर्मासात आमच्या माडीवर दर रविवारी नातवाची मित्रमंडळी जमत राहिली. खाली वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाच्या कानांवर त्यांचे बोलणे पडणे अटळच होते. “तुझी भिंत अजून जांभळीच दिसते का?” “माझे डोंगर लांबून लुकलुकतात.” “अरे, लोड ऑर्डर बदल की!” पहिले दोन रविवार मला यातले काहीही कळले नाही. तिसऱ्या रविवारी मी सरळ वर जाऊन बसलो. मुलांनी प्रथम संकोचाने आवाज कमी केला. पण मला खरोखरच समजून घ्यायचे आहे हे ध्यानात आल्यावर चौघेही एकदमच शिकवू लागले.

त्यांचा खेळ ‘स्कायरिम’. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. इतका जुना खेळ आजही खेळला जातो याचे मोठे कारण म्हणजे ‘मॉड’. मॉड म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनीच केलेली भर किंवा दुरुस्ती. कोणी नवे गाव वसवतो, कोणी झाडे दाट करतो, कोणी कंपनीने शिल्लक ठेवलेल्या चुका निस्तरतो. ही वहिवाट जुनी आहे. १९९३ च्या ‘डूम’ या खेळात चित्रे, ध्वनी आणि नकाशे मुख्य प्रणालीपासून वेगळ्या फायलींत ठेवले होते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ते बदलणे सोपे गेले. स्कायरिमच्या बाबतीत तर कंपनीने २०१२ मध्ये त्यासाठीची साधनेच विनामूल्य देऊन टाकली.

जांभळ्या भिंतीचे रहस्य असे. खेळातील भिंत ही मुळात एक कोरी, सपाट आकृती असते. तिच्यावर दगडाचे किंवा लाकडाचे चित्र चिकटवलेले असते. त्याला ‘टेक्स्चर’ म्हणतात. ते चित्र जागेवर सापडले नाही, की हा खेळ तिथे भडक जांभळा रंग भरतो. अशी उणीव लपवली न जाता ठळकपणे दाखवली जाते, हे मला फार आवडले. आमच्या हिशेबतपासणीत असा एखादा जांभळा रंग असता, तर कित्येकांच्या रात्री सुखात गेल्या असत्या!

‘लोड ऑर्डर’ समजायला मला सर्वांत सोपे गेले. दोन मॉड एकाच वस्तूत वेगवेगळा बदल सांगत असतील, तर जो क्रमाने शेवटी वाचला जातो त्याचेच चालते. अनेक मृत्युपत्रांपैकी शेवटचे ग्राह्य धरावे, त्यातलाच हा प्रकार. मूळ आवृत्तीत मुख्य खेळासकट अशा २५५ च फायली चालत, म्हणून क्रमावरून मुलांच्या तासन्‌तास चर्चा होतात. एकाच्या लॅपटॉपवर खेळ अडखळत होता. त्यात चित्रे रंगवणाऱ्या दोन चिपा होत्या आणि खेळ नेमका दुबळ्या चिपेवर चालू होता. दुसऱ्याने हौसेने चित्रांचा वेग सेकंदाला साठाच्या वर नेला, तर टेबलावरची ताटे-वाट्या आपोआप उडू लागल्या. कारण या खेळातील पडणे-आपटण्याचे गणित त्या वेगाशीच बांधलेले आहे.

बोलणे एका विषयावर कधीच टिकत नाही. मध्येच एकजण पहाटे सायकलने हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन आल्याचे सांगतो. दुसरा आजोबांचा बंद पडलेला रेडिओ उघडून बसल्याचे सांगतो आणि त्यात कोणता कंडेन्सर बदलला यावर पुन्हा दहा मिनिटे जातात. सूर्यास्तापूर्वी जेवायला बसण्यासाठी खालून हाक आली, की “एक मिनिट, सेव्ह करतो,” असे चौघेही एका सुरात म्हणतात.

आता आपल्या वाचकांच्या ओठांवर आलेला प्रश्न. या खेळात तलवारी चालतात, त्याचे काय? मी तो नातवाला विचारला. त्याचे म्हणणे असे, की समोरच्याला शांत करण्याचा एक मंत्र खेळातच आहे आणि तो बहुधा तोच वापरतो. शिवाय मरतो तो केवळ रंगाचा ठिपका. मी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. इ. स. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी ती ‘यशस्तिलक चंपू’मध्ये विस्ताराने मांडली आहे. राजाने आईच्या आग्रहाखातर देवीपुढे बळी दिला तो कोंबडा पिठाचाच होता. तरीही संकल्पाचे फळ मायलेकांना कित्येक जन्म भोगावे लागले. नातू बराच वेळ गप्प राहिला. हा प्रश्न त्याच्या मंत्राने सुटतो असे मला वाटत नाही आणि खेळ बंद केल्याने सुटतो असेही वाटत नाही. परंतु त्यांच्या मंडळात त्या सुमारास खरे वादळ उठले होते ते पहिल्या व्रतावरून नव्हे, तिसऱ्यावरून.

या चौघांपैकी एकाला छायाचित्रणाचा नाद आहे. गेल्या वैशाखात कृष्णेचे पाणी उतरलेले असताना त्याने एका ढगाळ सकाळी घाटाच्या पायऱ्यांची आणि भिंतींची छायाचित्रे घेतली. ढगाळ दिवसच हवा, कारण उन्हात दगडावर सावली पडते आणि ती चित्रात कायमची अडकते; खेळातला सूर्य पूर्वेला असला तरी भिंतीवरची सावली दुसरीकडेच जाते. पुढे चित्राची डावी कड उजव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी बेमालूम जुळवावी लागते, म्हणजे फरशा बसवाव्यात तसे ते शेजारी शेजारी लावता येते. शिवाय दगडाचा उंचसखलपणा प्रकाशाला कळावा म्हणून निळसर रंगाचे एक वेगळे चित्र करावे लागते. या साऱ्यात त्याचे दोन महिने गेले. मग त्याने आपल्या घाटाचा काळा दगड त्या उत्तरेकडील बर्फाळ राज्याच्या किल्ल्यांना चढवला आणि तो मॉड कोणालाही विनामूल्य घेता येईल असा ठेवून दिला. अट एकच: दुसरीकडे ठेवायचा असल्यास मला विचारा.

श्रावणात त्याला तोच घाट दुसऱ्याच नावाने दुसऱ्या ठिकाणी दिसला. फायलींची नावेसुद्धा बदललेली नव्हती. पोरगा रडकुंडीला आला. “फुकटच दिले होतेस ना, मग तुझे गेले काय?” असे एकाने विचारले. वरवर पाहता प्रश्न बिनतोड होता. मला मात्र राहवले नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चोरीची व्याख्या केली आहे, तिच्यात वस्तूचे मोल नाही की मालकाचे नुकसानही नाही. न दिलेले घेणे, एवढेच आहे. या मुलाने दगड दिला होता. त्यावरचे नाव दिले नव्हते. शिवाय या व्रताच्या अतिचारांत चोराने आणलेले घेणे हाही एक अतिचार आहे. म्हणजे ते दुसऱ्या ठिकाणाहून जाणूनबुजून उतरवून घेणारेही सुटत नाहीत.

तक्रारीचा मसुदा करायला चौघे बसले आणि तिथेच गाडे अडले. सायकलवाला मुलगा हळूच म्हणाला, “दारांचे लाकूड कुठून आणलेस?” छायाचित्रकार गोरामोरा झाला. दगड त्याचा होता. दारांचे लाकूड त्याने दुसऱ्या एका जुन्या मॉडमधून उचलले होते. तिथेही तीच अट लिहिलेली होती: विचारून घ्या. त्याने एकदा विचारले होते, उत्तर आले नव्हते. तो निर्माता सहा वर्षे कोणालाच भेटलेला नाही. “आता मालकच नाही तर विचारायचे कोणाला?” असा त्याचा बचाव होता.

इथे माझी सारी नोकरी कामास आली. बँकेत दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा करावी लागते. ही योजना २०१४ ची. पण म्हणून तो पैसा बँकेचा होत नाही आणि रिझर्व्ह बँकेचाही होत नाही. ठेवीदार किंवा त्याचा वारस केव्हाही कागदपत्रे घेऊन आला, तर त्याला तो द्यावाच लागतो. “आणि कोणी आलेच नाही तर, आजोबा?” नातवाने विचारले. “तरी खात्यावर नाव त्याचेच राहते,” मी सांगितले. समंतभद्राचार्यांनी श्रावकासाठी पडलेली आणि विसरलेली वस्तूही वर्ज्य सांगितली आहे, ती याच अर्थाने असावी.

नातवाने मग याच खेळातले एक जुने प्रकरण सांगितले. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी स्कायरिमचे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय केली. विक्रीचे शंभर रुपये आले, तर मॉड करणाऱ्याला २५, व्हॉल्व्हला ३० आणि बेथेस्डाला ४५ अशी वाटणी. खेळाडूंमध्ये प्रचंड संताप उसळला आणि २७ एप्रिलला ती योजना गुंडाळून खरेदीदारांचे पैसे परत करण्यात आले. वाटणीचा राग तर होताच. पण विक्रीस ठेवलेल्या पहिल्या काही मॉडपैकी एक (तो मासेमारीचा होता, आपल्या वाचकांनी क्षमा करावी) दुसऱ्या निर्मात्याच्या विनामूल्य कामावर उभा होता आणि त्या निर्मात्याची संमती घेतलेली नव्हती. तो लगोलग मागे घ्यावा लागला. मला यात नवल वाटले नाही. जोवर सारेच वाटले जात असते तोवर कोणाचे काय हे कोणी मोजत नाही. किंमत लागली, की पहिला प्रश्न मालकीचा निघतो. याउलट उदाहरणही आहे. ‘हाफ-लाइफ’ या खेळावर दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाचा मॉड केला. व्हॉल्व्हने तो त्यांच्यासह रीतसर आपल्याकडे घेतला आणि २००० मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणला. तेथे देणे-घेणे उघड झाले.

आमच्या माडीवरचा निर्णय त्या रात्री झाला नाही. तीन दिवसांनी त्या मुलाने स्वतःचाच मॉड मागे घेतला. काही शे लोक तो वापरत होते. त्यांतल्या दोघांनी कडवट शब्दांत विचारणा केली, कारण त्यांच्या खेळात घाटाऐवजी आता जांभळ्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्याने कारण जसेच्या तसे लिहून ठेवले. मित्रांपैकी एकाला हा अतिरेक वाटला आणि त्याने तसे तोंडावर सांगितले. दोघांत आठवडाभर अबोला होता. ज्याने घाट चोरला त्याच्याकडे तक्रार गेली आहे. मजकूर तिथे अजून तसाच आहे.

मागच्या रविवारी माडी रिकामी होती. चौघे गावभागातल्या एका जुन्या वाड्यावर गेले होते. तिथल्या दिंडी दरवाजाचे सागवान उत्तम आहे. ढग होते, छायाचित्रणाला हवा तसा दिवस होता. दार रस्त्यावरच आहे, हवे तर कोणालाही न विचारता काम झाले असते. त्यांनी कडी वाजवून घरमालकांना बाहेर बोलावले आणि दाराचे चित्र घेऊन ते खेळात वापरू का, असे विचारले. म्हाताऱ्या गृहस्थांना त्यातले किती समजले कोण जाणे. “दाराला काय विचारायचं, बाळांनो?” असे म्हणत त्यांनी आतून ओले फडके आणले आणि बिजागरीवरची धूळ स्वतः पुसून दिली.