रॅम स्वस्त आहे म्हणे!

"अरे रॅम स्वस्त आहे, कशाला डोकं खातोस?" कोड रिव्ह्यूमध्ये हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सटकतं. विषय नेहमीचाच. फोल्डरमधले फोटो छोटे छोटे करून खिडकीत दाखवायचे, बस्स. आणि आमचे वीर काय करतात? प्रत्येक फोटो अख्खा मेमरीत ओततात आणि मग 200 पिक्सेलचा करून दाखवतात. तांब्याभर पाण्यासाठी विहीर उपसायची!

जरा हिशोब करू. 4000 बाय 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर 48 एमबी. डिस्कवरची फाईल 4 एमबीची असेना का, ती दाबून भरलेली असते. उघडली की फुगते. असे 100 फोटो धरून ठेवले की झाले 4.8 जीबी. आता सांगा, किती स्वस्त?

बरं, उपाय काही रॉकेट सायन्स नाही. जेपेगमध्ये चित्र 8 बाय 8 च्या चौकोनांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक चौकोनाचा पहिला आकडा म्हणजे त्या चौकोनाची सरासरी. त्यामुळे लांबीरुंदीने एक अष्टमांश चित्र हवं असेल तर पूर्ण डीकोड करायची गरजच नाही. 500 बाय 375 चं चित्र, पाऊण एमबीत! लिबजेपेगला हे नव्वदच्या दशकापासून येतं. क्यूटीत क्यूइमेजरीडरला setScaledSize सांगा, डब्ल्यूपीएफमध्ये DecodePixelWidth द्या. एक ओळ. फक्त एक ओळ लिहायचे कष्ट!

दुसरं पाप म्हणजे हे सगळं मेन थ्रेडवर करणं. (पेंट फंक्शनमध्येच फाईल उघडणारे महाभागही पाहिलेत. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.) गंमत म्हणजे 1996 च्या जावात getImage लगेच परत यायचं आणि चित्र मागून, जमेल तसं उमटायचं. इमेजऑब्झर्व्हर प्रकरण किचकट होतं, मान्य. पण खिडकी गोठत नव्हती. मग 2002 मध्ये जावा 1.4 सोबत ImageIO आलं, सोपं सुटसुटीत read. लोकांनी ते सरळ बटणाच्या क्लिकमध्ये टाकलं. क्यूटीत क्यूपिक्समॅप मेन थ्रेडपुरता ठेवा, पण क्यूइमेज दुसऱ्या थ्रेडवर खुशाल लोड करा की. कोणी अडवलंय?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आधीच ऑप्टिमायझेशन करू नये." अहो, हे ऑप्टिमायझेशन नाहीये! लागेल तेवढंच मागणं आहे. झूम करायला अख्खा फोटो लागतो, तेव्हा घ्या ना तो एक, आणि हवं तर मागचापुढचा.

आपल्या टेबलावर 32 जीबीचं मशीन असतं, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओवाला लग्नाचे दीड हजार फोटो उघडतो, समोर नवरीकडची मंडळी अल्बम निवडायला बसलेली, आणि खिडकी पांढरीफटक. 'नॉट रिस्पॉन्डिंग'. तो बिचारा काय म्हणतो? "मशीन जुनं झालंय हो, जरा थांबा." आपल्या आळशीपणाची माफी तो मागतो, वर पुढच्या महिन्यात पदरचे पैसे घालून नवीन मशीन घेतो. रॅम स्वस्त आहे, कारण बिल त्याच्या नावावर फाटतं.

यापुढे जो कोणी ते वाक्य उच्चारेल, त्याने 4 जीबीच्या लॅपटॉपवर आपलंच प्रोग्रॅम उघडून 1500 फोटो स्क्रोल करून दाखवायचे. तोपर्यंत चहा माझ्याकडून. वेळ भरपूर मिळेल.