मिल्टनच्या विहिरी आणि नकाशावरील रेषा

कॅनडात टोरोंटोच्या पश्चिमेस असलेल्या मिल्टन गावी आपल्या लोकांनीही घरे केली आहेत. २००१ साली तेथील लोकसंख्या ३१,४७१ होती. २०२१ साली ती १,३२,९७९ झाली. बऱ्याच वस्तीला ओंटारिओ सरोवराचे पाणी मिळते, पण काही भाग केल्सोच्या विहिरींवर अवलंबून आहे. वस्ती वाढली की पेट्रोल, सांडपाणी व हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ जमिनीत मुरण्याचा धोका वाढतो.

या प्रांताने एकदा मोठा धडा घेतला आहे. मे २००० मध्ये वॉकर्टन गावी पावसाने गुरांच्या शेणातील जंतू विहिरीत उतरले. सात माणसे दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. त्यानंतर २००६ साली शुद्ध पाण्याचा कायदा झाला. सार्वजनिक विहिरींभोवती आता संरक्षणाच्या रेषा असतात. पहिली शंभर मीटरची; पुढच्या मात्र काळाने मोजलेल्या. जेथून पाणी विहिरीपर्यंत दोन, पाच किंवा पंचवीस वर्षांत पोहोचते, तेथवर त्या जातात.

हा काळ संगणक सांगतो. भूगर्भाचे लहान चौकोन कल्पून प्रत्येकातून पाणी किती सहज वाहते, ते आकडे त्यात भरतात. मग पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात कसे जाईल, याचा हिशेब होतो. दूषित द्रव्याचा हिशेब निराळा. पेट्रोलचा काही अंश जमिनीतील जंतू खातात. मीठ मात्र नाहीसे होत नाही, पाण्याबरोबर पुढे जाते.

पण आकडे चुकले तर? वॉकर्टनच्या प्रतिमानात भेगाळ खडक जणू वाळूसारखा धरला होता. पुढे पाण्यात रंग सोडून पाहिले, तेव्हा ते दिवसाला शेकडो मीटर, म्हणजे अंदाजाच्या कित्येक पट वेगाने धावत होते!

म्हणून प्रतिमान टाकाऊ ठरत नाही. त्याच्यावाचून रेषा कोठे मारावी हेच कळणार नाही. मात्र नव्या वसाहतीला वा खाणीला परवानगी देताना नागरिकांनी विचारलेच पाहिजे : हे आकडे प्रत्यक्ष जमिनीत तपासले आहेत काय?

वाचकहो, सह्याद्रीचा व मॉरिशसचा काळा कातळही भेगांनी भरलेला आहे. मिल्टनचा प्रश्न म्हणूनच आपल्या आडाचाही आहे.