आराखड्याचे परावलंबन

शहापूर तालुक्यातील तानसा धरण 1892 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. संपत्ती आपल्या भूमीत असणे आणि तिची योजना आपल्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. खोल समुद्रातील खनिज तेलाबाबत देशाची अवस्था याहून फारशी वेगळी नाही.

मुंबई हाय येथे 1974 मध्ये तेल सापडले. तेथील समुद्र तुलनेने उथळ; त्यामुळे पोलादी पायांचे फलाट तळावर रोवता आले. हजार मीटर खोलीवर ते शक्य नसते. तेथे तरंगती नौकाच तेल, वायू व पाणी वेगळे करते आणि तेल पोटात साठवते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2008 मध्ये ‘धीरूभाई-1’ आणि जानेवारी 2024 मध्ये ओएनजीसीच्या 98/2 क्षेत्रात ‘आर्मडा स्टर्लिंग-5’ या नौकांद्वारे तेल उत्पादन सुरू झाले.

अशा नौकेची रचना हे असिधाराव्रतच. अर्धा भरलेला टँकर घाटवळणावर कसा हिंदकळतो, हे शहापूरकरांना ठाऊक आहे. येथे टाक्या सतत भरतात, रिकाम्या होतात. वर हजारो टनांची यंत्रे असतात. इतर जहाजे दुरुस्तीसाठी गोदीत जातात. ही नौका वर्षानुवर्षे जागेवरच लाटा झेलते. म्हणून प्रत्येक सांधा किती काळ टिकेल, याचे गणित आधीच मांडावे लागते.

हे गणित आजही मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. आपण नौका भाड्याने घेतो. ‘मोजक्या नौकांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. परंतु जो देश 85 टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, त्याला हा हिशेब परवडणारा नाही. शिवाय आपण अगदीच रिक्तहस्त नाही. 98/2 मधील मेणयुक्त तेल नळांत गोठू नये म्हणून नळात नळ बसवण्याचे तंत्र वापरले गेले. जोडणीचे बहुतांश काम तामिळनाडूतील कट्टुपल्ली येथे झाले. 2022 मध्ये सेवेत आलेल्या ‘विक्रांत’चा आराखडा तर नौदलाच्याच अभियंत्यांचा.

तेव्हा यापुढील प्रत्येक भाडेकरारात भारतीय अभियंत्यांचा आराखड्यातील सहभाग ही अट असावी आणि खरगपूर व मद्रासच्या आयआयटींना त्यात स्थान मिळावे. भाडे देऊन नौका मिळते, विद्या मिळत नाही.