अंतराळाचे खेळणे निवडताना

आजी-आजोबांनो, नातवंडांसाठी दिवे लुकलुकणारे रॉकेट किंवा फिरणारी ग्रहमाला अवश्य घ्यावी. कुतूहल हेही बालमनाचे पोषणच होय. मात्र खरेदीपूर्वी खेळणे उलटून पाहावे. आयएसआय चिन्ह व वयोमर्यादा वाचावी. बटण सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले असावे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास 2 तासांतच आतून गंभीर भाजते. आपल्या श्रवणयंत्राचे सेलही म्हणूनच कुलपात ठेवावेत. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये, त्रास दिसण्याची वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात मुलाला तत्काळ न्यावे. तीन वर्षांखालील बाळाला मोठ्या लाकडी ठोकळ्यांचे रॉकेटच बरे. चंद्र गच्चीवर नेऊन दाखवावा.